टोचून झाल्यावर

मी भात वजन करून वाढला, त्याच हिशेबानं सात वर्षांच्या लेकीला इन्शुलिन टोचलं, आणि तिनं ओठ मिटून घेतले. टोचून वीस मिनिटं झाली होती. आता पोटात काही गेलं नाही, तर रक्तातली साखर उतरून ती बेशुद्ध पडणार होती. साखरपाणीही तिनं थुंकून टाकलं. "घास घे गं राणी, नाहीतर मांजर खाईल," आजी म्हणाली. "खाऊ दे. उद्या त्यालाच टोचा." लेकीच्या कपाळावर घाम आला. "काय केलं तर खाशील?" मी विचारलं. "उद्यापासून सुई नाही, असं म्हण." सुईबद्दल तिच्याशी खोटं बोलायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. चार वर्षं पाळलंही होतं. मी घास पुन्हा तिच्या ओठांपाशी नेला. "नुसतं म्हण गं, आई. खोटं आहे, माहितीये मला." मी तसं म्हटलं. तिनं तोंड उघडलं.