दोन पायांचा गुन्हा

दोन पायांनी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबते म्हणून ट्रक चालवण्याच्या परीक्षेत परीक्षक साहेबांनी तिला तीनदा नापास केलं होतं. चौथ्या, शेवटच्या परीक्षेत ओढा ओलांडताना ट्रक मध्येच रुतला. अधांतरी राहिलेलं चाक भिंगरीसारखं गरगरत होतं, जमिनीवरचं मात्र ढिम्म हलेना. पाणी आत शिरलं आणि मासे साहेबांच्या बुटांची चौकशी करू लागले.

"साहेब, माझ्या पद्धतीने करू?"

"कर बाई, काहीही कर!"

उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दाबत तिने डावा ब्रेकवर हलकेच टेकवला. गरगरणारं चाक आवरलं, जोर जमिनीवरच्या चाकाला मिळाला आणि ट्रक म्हशीसारखा डुलत काठावर आला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. बुटांतलं पाणी ओतून त्यांनी तिच्या परीक्षेचा भिजका कागद काढला.

"पास! पण कागदावर मी 'एकच पाय वापरला' असंच लिहिणार हं."