टिंकरचे खूर

आमच्या केंटकीत नावाजलेला घोडा मेला की त्याचं डोकं, काळीज आणि खूर तेवढे पुरतात. म्हातारी व्हर्ना टिंकरच्या नावाचा दगड गाडीत घालून, त्याला पुरलेली जागा शोधत आमच्या तबेल्यावर आली. तिच्या बापानं फार वर्षांपूर्वी इथंच सांभाळलेला पैदाशीचा घोडा तो.

"मिस व्हर्ना, टिंकर इथं कुणालाच ठाऊक नाही," आमचा नवा मालक हॉलिस म्हणाला. "जागेची काहीतरी खूण सांगा, आत्ता दगड बसवतो."

"जागेची नाही, त्याचीच खूण आठवते. पाणी प्यायच्या आधी डाव्या खुरानं पाण्यावर दोन थापा मारायचा मेला. बाबा भिजायचे आणि त्याला शिव्या घालायचे."

मी हातातली बादली खाली ठेवली. सारा जन्म मी इथल्याच घोड्यांना पाणी पाजलं. मला वाटायचं, जगातले सगळे घोडे असेच पाणी पितात!

दोघांना तळ्यावर नेलं. घोड्या उतरल्या. पहिलीनं डावा खूर उचलून दोन थापा मारल्या. मग दुसरीनं. मग यंदाच जन्मलेल्या शिंगरानंसुद्धा.

हॉलिसनं डोक्यावरची टोपी काढली. "दगड कुठं बसवू, मिस व्हर्ना?"

"राहू दे रे पोरा," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याचे खूर अजून कुणी पुरलेच नाहीत."