त्यांचा शेवटचा तास

“तुझे बाबा नक्की कसे गेले गं?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शर्वाणीने मधल्या सुट्टीत मिहिकाला विचारूनच टाकलं. मिहिकाचे बाबा मोठे नट. महिनाभर सगळी चॅनेलं त्यांच्या मरणावर जगत होती.

मिहिकाने डबा बंद केला. “मला काय विचारतेस? तुम्ही पाहिलंत ना टीव्हीवर? दारात इतके कॅमेरे होते, शेवटी मला बाबांजवळ आत जाताच आलं नाही.”

संध्याकाळी शर्वाणीच्या घरी टीव्हीवर तोच विषय. “अगं, ती तुझ्याच वर्गात ना?” आईने टीव्हीचा आवाज वाढवला. “विचार की खरं काय ते!”

“दारूच असणार,” बाबांनी भजी तोंडात टाकली.

शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वायरच उपटली. “उद्यापासून मी मिहिकाशेजारी बसणार. आणि तुमच्या घरी काय बघतात असं तिने विचारलं, तर सगळं सांगणार. भज्यांसकट!”