करणाऱ्याने गप्प बसावे

आमच्या माँट्रियालच्या घरी रविवारच्या जेवणाला माझा एकच नियम आहे: ज्याने पदार्थ केला, त्याने बशा रिकाम्या होईपर्यंत त्याबद्दल बोलायचे नाही. त्या रविवारी तो नियम मी माझ्या मुलाला, लुडोविकला, लावला. पहाऱ्यातून लपतछपत पुढे जाण्याच्या, त्याने बनवलेल्या व्हिडिओ गेमचा दुसरा, भलामोठा भाग नुकताच आला होता. तो कोणाच्या मनाला भिडला नाही तर हे काम सोडायचे, असे त्याने ठरवले होते. हे मला एकटीलाच ठाऊक होते.

"मामा, कसला भारी केलायस!" माझा नातू माक्सिम म्हणाला. "एकेका पहारेकऱ्याला लोळवत दोन दिवसांत संपवला."

लुडोविक मान खाली घालून बशीतला मांसाचा पाई चिवडत राहिला.

"डोंबलाचा भारी!" माक्सिमची बहीण ओफेली उसळली. "केवढं ते शहर! चालून चालून जीव जातो. आणि तो पुलावरचा म्हातारा पहारेकरी, मामा? त्याच्या मागून सटकावं, तर तो वारलेल्या बायकोला दिवसभराचं सगळं सांगत बसतो. त्याचं होईपर्यंत मी पिंपामागे बसून राहिले. वेळ संपली, हरले. तीनदा!"

"अगं, मग त्यालाही लोळवायचं ना!"

"बोलत होता ना तो!"

लुडोविकने मान वर केली. बशा अजून भरलेल्या होत्या. मी प्रथमच कानाडोळा केला.

"ओफेली," त्याने विचारले, "वेळ किती वाढवू?"