कुंपणापलीकडची वाळू

खमीस तणतणतच शेजारच्या लमीनच्या बागेत शिरला.

“माझ्या पाळीचं पाणी तू चोरतोस,” तो म्हणाला. “आज काय ते खरं सांग.”

लमीन खजुराच्या सावलीत चहा उकळत बसला होता. “या काका. आधी चहा घ्या.”

चहा गेला खड्ड्यात. यंदा खमीसचे दोन खजूर वाळले होते आणि तिसऱ्याचा शेंडा कलला होता. आळ्यांत मीठ फुटून जमीन पांढरीफटक पडली होती. आणि हा आळशी माणूस, ज्याने जन्मात कधी बाग झाडली नाही, त्याची झाडं मात्र हिरवीगार. पाट एकच, पाळीही तेवढीच. वाळवंटातल्या अख्ख्या दूज गावात खमीसइतकी स्वच्छ बाग कुणाची नव्हती. वारा रोज वाळू आणून टाकी आणि खमीस रोज ती झाडून काढी. जमीन कशी अंगणासारखी चोपून ठेवलेली. मग चुकतंय कुठे? विचार करकरून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

“मी जास्त पाणी देतो, तर मीठही जास्त वर येतं. आणि तू काहीच करत नाहीस, तर...” त्याने हिरव्या झाडांकडे हात केला.

लमीनने बसल्या जागी हाताने वाळू बाजूला सारली. वीतभर कोरडी वाळू आणि तिच्याखाली काळी, ओली माती.

“पाणी तुमच्याकडेही हातभरच खाली आहे, काका. चोपलेल्या मातीतून ते वर चढतं. ऊन पाणी पिऊन घेतं आणि मीठ तेवढं तुमच्यासाठी ठेवून जातं. इथे ते वाळूपाशी येऊन थांबतं. भरड वाळूतून त्याला चढता येत नाही.”

खमीसने बोट खुपसून पाहिलं. गार लागलं. “एवढी वाळू तू आणलीस तरी कुठून?”

आता लमीनच गोंधळला. “म्हणजे? तुम्हीच टाकता की कुंपणावरून. तेरा वर्षं झाली. मला वाटायचं, काकांचं लक्ष आहे आपल्यावर. दर जुम्म्याला तुमच्यासाठी दुवा मागतो मी.”

तेरा वर्षं खमीस कचरा म्हणून ती वाळू भिरकावत आला होता, आणि तीही मुद्दाम याच्याच बागेत. हे सांगावं की गिळून टाकावं? त्याला स्वतःची लाज वाटली. पण तो कललेला खजूर डोळ्यांपुढून हलेना.

“थोडी वाळू देशील?” त्याने खालच्या आवाजात विचारलं.

लमीनने फावडं उचललं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

“कुठल्या सालची देऊ, काका?”