गाडी कोणी बंद पाडली

"मशीन खोटं नही बोलस ना?" धुडकूअप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

हेमकांतनं नुसती मान हलवली आणि स्कॅनरची वायर स्टिअरिंगखाली खोचली. या वायरीमुळे अर्धं शहादा त्याला गाड्यांचा डॉक्टर म्हणतं. आज मात्र हात जड झाला होता. बारा दिवसांपूर्वी याच गाडीच्या मागच्या सीटवर अप्पांच्या पत्नी शांतीबाई गेल्या. सारंगखेड्याहून दवाखान्यात आणताना शहाद्याच्या चार किलोमीटर अलीकडे गाडी बंद पडली, आणि दुसरी मिळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

गाडी मुलगा चालवत होता. तो, भूपेश, आता गॅरेजच्या पायरीवर बसला होता. दहाव्याला भादरलेलं डोकं, तसंच उन्हात उघडं. आईला अग्नी दिल्यापासून बाप त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आजही ट्रॅक्टरला गाडी बांधून दोघं आले, ते तोंड फिरवूनच.

"पेट्रोल मी सोता टाकं व्हतं, आदला दिन," अप्पा हेमकांतला सांगू लागले. "भूपेशनी मायनी तब्येत बरी नव्हती. कव्हय बी निंघनं पडी, म्हनीसन फवारानीना कॅनमातून टाकी भरी ठेयी. तेबी कापूसना बोळामातून गाळीसन. कचराना एक कन जाऊ दिधा नही. मंग गाडी बंद कशी पडनी? यानीच घाबरीसन रेसवरना पाय काढी लिधा. मन्ही बायकोले यानीच..."

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावला.

स्क्रीनवर आकडे आले. बिघाड होतो त्या क्षणाचे आकडे गाडी आपणहून जपून ठेवते. हेमकांतनं ते वाचले, पुन्हा वाचले. मग त्याला भूपेशकडे बघवेना.

"अप्पा, त्यानी पाय काढेल नही. आठे देखा. वेग बासष्ट. रेस एक्क्याण्णव टक्के. पोऱ्यानी जीव तोडीसन दाबेल व्हती."

"मंग?"

"हाऊ आकडा देखा, पंचवीस. गाडी पंचवीस टक्के जास्ती पेट्रोल मांगी ऱ्हायनी व्हती. यान्हा वर ती मांगीच शकत नही. आन हाऊ पेट्रोलना दाब, खाले पडी ऱ्हायना. ती मांगी ऱ्हायनी व्हती अप्पा, तिले भेटी नही ऱ्हायनं व्हतं."

पायरीवर भूपेशनं गुडघ्यांत डोकं घातलं. त्याचा आवाज आला नाही, पण पाठ हलत होती. अप्पांनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. बारा दिवस धरलेला राग असा एका आकड्यावर कसा सोडायचा, ते त्यांना कळत नव्हतं.

"काबर नही भेटनं?" त्यांनी विचारलं.

"पंप काढीसन देखना पडी."

टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप मागच्या सीटखाली असतो. शांतीबाईंना जिथं निजवलं होतं तीच सीट उचलावी लागली. हेमकांतनं खाली वाकून पंप बाहेर ओढला आणि तसाच वाकलेला राहिला.

पंपाच्या जाळीला कापूस लपेटला होता. पेट्रोलनं मळकट झालेला, तंतूतंतू सुटून चारी बाजूंनी घट्ट बसलेला. बोळा कचरा अडवतो खरा, पण स्वतःचे तंतू सोडत जातो. हळू चालवली असती तर गाडी कदाचित पोचलीही असती. पोरानं जेवढी रेस दाबली, तेवढा कापूस जाळीवर आवळत गेला.

खरं सांगितलं तर मुलगा सुटत होता आणि बाप जन्माचा अडकत होता. हा म्हातारा ते घेऊन घरी पोचेल की वाटेत तापीकडे वळेल, याचा हेमकांतला भरवसा वाटेना. त्यानं कापूस ओरबाडून मुठीत घेतला आणि उठला.

"पंप गया अप्पा. दिवाळीले गाडी मन्हाकडेच उनी व्हती. तव्हय मी पंप देखाले पाहिजे व्हता. नही देखा. चूक मन्ही शे. गाया-शिव्या द्या, मारा, काय करनं ते करा. पन पोऱ्यासंगे बोला."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. चाळीस हंगाम व्यापाऱ्यांच्या तोंडाकडे बघत आपला लांब धाग्याचा कापूस विकलेला माणूस तो. कोण कधी खोटं बोलतो, हे त्यांना मशीन लावून बघावं लागत नव्हतं.

"मूठ उघड."

"अप्पा, ऱ्हाऊ द्या ना."

"उघड रे भो. तुन्हा पाया पडस."

आणि ते खरंच वाकायला लागले. तेव्हा हेमकांतची मूठ सुटली.

अप्पांनी तो ओला पुंजका उचलला, पिळला, खांद्यावरच्या रुमालात दाबून कोरडा केला. मग दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, दरसाल जिनिंग मिलच्या दारात व्यापाऱ्यापुढे ओढून दाखवतात तसा. तंतू लांब निघाला. त्यांनी उजेडाकडे धरून पाहिलं. दुसरी चिमूट घेऊन पुन्हा ओढला. मग तिसरी. आता तरी आखूड निघावा, दुसऱ्या कुणाचा निघावा, म्हणून ती त्यांनी सावकाश ओढली.

तोही लांबच निघाला.

"मन्हाच वावरना शे," ते म्हणाले.

अप्पा तसेच पायरीकडे निघाले. मुलाच्या शेजारी ते भिंत धरून खाली बसले. कापूस हातातच होता.

"भूपेश."

भूपेशनं डोकं वर केलं.

"घर जाईसन सगळासले सांगजो," अप्पा म्हणाले. "गाडी मन्हा बापनी बंद पाडी, म्हनीसन सांग."