बाबांची हौस

बाबांच्या साठीला आम्ही तिघा भावांनी आठ तासांच्या हौशी शर्यतीसाठी रेसिंग कार भाड्याने घेतली. प्रत्येकाने दोन तास चालवायची. शेवटचा नंबर बाबांचा. ते सकाळपासूनच रेसिंगचा नवाकोरा सूट चढवून बसले होते.

सहा तासांनी आम्ही चक्क तिसरे होतो. चालक बदलायला गाडी आत आली, पण दादा उतरेना. म्हणाला, "बाबा, इतकं हाताशी आलंय... उरलेलंही मीच चालवू?"

बाबांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं.

"चालव रे. माझी कंबर धरलीच आहे."

कप मिळाला. घरी फोटो बघून जो तो म्हणाला, "बाबांची हौस फिटली!" बाबांनीही मान डोलावली.



आईने धुवायला घेतलेला सूट नाकाशी नेला, त्याला अजून दुकानाचाच वास होता, आणि तिने तो न धुताच घडी घालून ठेवून दिला.